एका टीसीपासून सुरुवात : बेळगाव भागातल्या नवशिक्यांसाठी विजेचा डेटा आणि एआय

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली कितीतरी मुलं-मुली इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा किंवा बीई करून बाहेर पडतात आणि त्यांच्या कानावर सगळीकडून एकच गोष्ट येते : एआय शिका. मग एखादा ऑनलाइन कोर्स होतो. फुलांच्या पाकळ्या मोजून फूल ओळखलं जातं, फोटोतलं मांजर-कुत्रं ओळखलं जातं. शनिवारी गावी यावं तर टीसी, म्हणजे गावाला वीज देणारा खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, जळलेला, विहिरीवरची मोटर बंद आणि उसाला पाणी नाही. कोर्समध्ये शिकलेलं आणि गावात पाहिलेलं, या दोन्हींची गाठ कशी घालायची ते कुणी सांगत नाही. हा लेख त्यासाठीच आहे. पायथॉनची थोडी ओळख आणि विजेची शाळेपुरती समज एवढं भांडवल पुरे.

पहिली पायरी : प्रश्न एका खांबाएवढा घ्या

‘वीज यंत्रणेत एआयचा वापर’ हा प्रबंधाचा मथळा झाला, तो प्रश्न नव्हे. ‘आमच्या गल्लीच्या टीसीचा फ्यूज संध्याकाळी सातच्या सुमाराला का उडतो?’ हा प्रश्न. ‘जांबोटीच्या बाजूची लाईन पावसात कुठल्या दोन खांबांमध्ये वारंवार पडते?’ हाही प्रश्न. उत्तर मिळाल्यावर कुणीतरी उठून काहीतरी वेगळं करील, एवढी एकच कसोटी लावा. फ्यूज बदलेल, फांदी तोडेल, दोन घरांची फेज (तीन वाहक तारांपैकी त्यांची तार) बदलून देईल. असं काही होणार नसेल तर प्रश्न बदला.

आपल्याकडे ज्याला टीसी म्हणतात, त्यालाच सीमेपलीकडची, महाराष्ट्रातल्या चंदगडकडची मंडळी डीपी म्हणतात. ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) लाईन त्यात येते आणि ४३३ व्होल्ट होऊन गावात जाते. त्याच्या मागे ११ केव्हीचा फीडर, म्हणजे सबस्टेशनमधून निघून अनेक टीसींना वीज देणारी लाईन, त्यामागे ३३ केव्ही सबस्टेशन आणि आणखी मागे ११० किंवा २२० केव्हीची यंत्रणा. वरची उच्चदाबाची यंत्रणा केपीटीसीएल या राज्याच्या कंपनीकडे आहे. खालचं वितरण हेस्कॉम ही कंपनी बघते. तिचं मुख्यालय हुबळीला आणि बेळगावसह सात जिल्हे तिच्याकडे. आपल्या घरापासून सबस्टेशनपर्यंतची ही साखळी एकदा सायकलवरून फिरून कागदावर काढा. कॉम्प्युटर उघडायच्या आधी करायचं काम हेच.

सीमेवर राहणाऱ्यांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रीड (विजेचं जाळं) उरलेल्या देशाशी एका तालात जोडलं गेलं. त्याआधी ३० आणि ३१ जुलै २०१२ला उत्तर आणि पूर्व भारत अंधारात गेला, तेव्हा दक्षिण भारत त्यातून वाचला तो ही जोड नसल्यामुळेच. आज खानापुरात आणि चंदगडात फ्रिक्वेन्सी एकच, ५० हर्ट्झच्या आसपास. पण थ्री फेज (शेतातल्या मोटरींना लागणारी तिन्ही तारांवरची वीज) सोडायच्या वेळा, दर आणि सवलती दोन राज्यांच्या दोन तऱ्हा आहेत. त्यामुळे महाराष्ट्रातल्या महावितरणच्या फीडरवर शिकवलेलं मॉडेल दहा किलोमीटर अलीकडे आणलं की चुकतं. माती तीच, ऊस तोच, तरीही चुकतं. मागणीचा आकार माणसांच्या सवयी ठरवतात, तेवढंच विजेचं वेळापत्रकही ठरवतं.

दुसरी पायरी : घरच्या मीटरवरून हात बसवा

डेटा मिळेपर्यंत थांबून राहू नका. घरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी एक आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर ३२००. म्हणजे एक युनिट जळलं की तो दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ३६०० ला ३२०० ने भागा, मग त्या सेकंदांनी भागा. आलेला आकडा म्हणजे त्या क्षणी घरात चाललेले किलोवॉट. दोन एलईडी बल्ब आणि एक पंखा चालू असेल तर साधारण बारा सेकंदांनी एकदा लुकलुकेल. गिझर लावा, सेकंदाला जवळपास दोनदा. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की ‘लोड’ हा शब्द पुस्तकातला राहत नाही.

आता प्रकाश ओळखणारा एक साधा सेन्सर आणि नोंदी टिपणारा ईएसपी ३२ हा छोटा बोर्ड घ्या. काही शे रुपयांत दोन्ही येतात. सेन्सर त्या दिव्यासमोर बाहेरूनच टेकवायचा. मीटरचं सील, स्क्रू, वायर यांना हात लावायचा नाही. मीटर रीडिंगला येणाऱ्या माणसालाही आधी सांगून ठेवा. दर १५ मिनिटांची बेरीज साठवली की दिवसाच्या ९६ नोंदी होतात. ग्रीडचा सगळा हिशेबही याच १५ मिनिटांच्या ९६ तुकड्यांत चालतो, त्यामुळे ही सवय पुढे कामाला येते. वर्षाच्या ३५,०४० ओळी. साध्या लॅपटॉपला हे काहीच नाही.

सरावासाठी तयार डेटाही आहे. पॅरिसजवळच्या एका घराच्या डिसेंबर २००६ ते नोव्हेंबर २०१० या काळातल्या मिनिटामिनिटाच्या नोंदी मोफत मिळतात, वीस लाखांहून जास्त. त्यात हात बसवायला हरकत नाही. मात्र तिथे थंडीत हीटर चालतात आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये पंखे, हे विसरू नका. त्यापेक्षा पुण्याच्या ‘प्रयास’च्या ऊर्जा गटाने भारतातल्या अनेक ठिकाणी मिनिटामिनिटाचा व्होल्टेज नोंदवून तो डेटा सर्वांसाठी खुला केला आहे. तो आधी बघा. लाईट जाते म्हणजे नेमकं काय होतं, हे त्या आलेखांत आपल्या ओळखीच्या रूपात दिसतं.

तिसरी पायरी : नोंदवही आणि तिच्यातल्या खोड्या

फीडरचा डेटा सबस्टेशनमध्ये, तासातासाच्या नोंदवहीत असतो. कॉलेजचं पत्र घेऊन सेक्शन ऑफिसात जा, साहेबांना आपला प्रश्न एका वाक्यात सांगा. ग्राहकांची नावं मागू नका. आरआर नंबर (बिलावरचा ग्राहक क्रमांक) मिळालेच तर ते लगेच स्वतःच्या सांकेतिक क्रमांकात बदला. एखाद्या घराचा तासातासाचा वापर पाहिला की घर कधी रिकामं असतं तेही कळतं. अशी माहिती सांभाळणं ही आपली जबाबदारी आहे, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे ती आता कायद्याचीही बाब आहे.

वही हातात आली की खरं काम सुरू होतं. या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. मी स्वतः निम्म्याहून जास्त वेळ इथेच घालवतो आणि तो वाया गेला असं कधी वाटलं नाही.

आपल्या भागाची पहिली अडचण नावांची. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नोंदीत बेळगावचं बेळगावी झालं. त्यामुळे जुन्या फाइलीत एक नाव, नव्यात दुसरं. गावांची नावं मराठी, कानडी आणि इंग्रजी उच्चारांनी तीन-तीन तऱ्हांनी लिहिलेली. येळ्ळूर एकच, पण कॉम्प्युटरला ती तीन गावं वाटतात. नावावरून दोन याद्या जोडू नका. फीडरचा किंवा टीसीचा क्रमांक धरा आणि नावांचा एक वेगळा तक्ता स्वतः हाताने बनवा. कानडी आकडे आले तर घाबरू नका. पायथॉनमधलं साधं ‘इंट’ कानडी आणि देवनागरी आकडेही ओळखतं. मात्र हाताने घाईत लिहिलेला कानडी एक शून्यासारखा दिसतो, तिथे वही लिहिणाऱ्यालाच विचारा.

दुसरी अडचण तासाच्या नोंदींची. रात्री एकटा ऑपरेटर, त्यात ब्रेकर ट्रिप झालेला, फोन वाजतोय. अशा वेळी दोन-तीन तासांच्या नोंदी मागाहून एकदम भरल्या जातात. ओळीने तोच आकडा सलग आला किंवा सगळे आकडे दहाच्या पटीत दिसले की त्या ओळींना खूण करा. पुसू नका, खूण करा. मॉडेलला त्या ओळी कमी वजनाने देता येतात.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी, आणि नवशिके हमखास तिथे घसरतात. वहीत रात्री एक ते तीन शून्य अँपियर दिसतो. म्हणून गावाला तेव्हा वीज नको होती का? पुरवठाच बंद होता. वही पुरवलेली वीज सांगते, लागणारी वीज सांगत नाही. शेतीच्या पंपांना, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत आयपी सेटना, सात तास थ्री फेज द्यायचं राज्याचं धोरण आहे. ते सात तास कुठले, यावर फीडरच्या आलेखाचा सगळा आकार ठरतो. तेव्हा प्रत्येक ओळीसमोर एक रकाना असायलाच हवा : या वेळी थ्री फेज, सिंगल फेज की बंद? हा रकाना नसेल तर पुढचं सगळं गणित वाळूवर उभं राहील. राज्याच्या निरंतर ज्योती योजनेत गावठाण आणि शेतीचे फीडर बऱ्याच ठिकाणी वेगळे झाले आहेत. आपला फीडर त्यातला कुठला, हे आधी विचारून घ्या.

चौथी पायरी : टीसीखाली उभं राहा

तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका गावात मी एकदा लाईनमन मामांबरोबर थ्री फेज येण्याच्या आधी पाच मिनिटं टीसीजवळ थांबलो होतो. ६३ केव्हीएचा (केव्हीए हे टीसीच्या क्षमतेचं माप) टीसी. सगळं शांत, फक्त नळाचं पाणी बादलीत पडल्याचा दुरून आवाज. वेळ झाली, आणि टीसीची गुणगुण एकदम भरडी झाली, जमिनीतून पायाला जाणवण्याइतकी. मामांनी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न तोडता प्रवाह मोजणारा चिमटा, वायरभोवती धरलेलाच होता. काटा नव्हता, पण आकडे इतक्या झपाट्याने वर गेले की मला वाचता येईनात. “बघ बाळ, आता कसा धाप टाकतोय त्यो,” मामा म्हणाले. अर्ध्या मिनिटात आकडे खाली येऊन स्थिरावले.

झालं होतं ते असं. प्रत्येक मोटरीला ऑटो स्टार्टर आहे, त्यामुळे वीज आली की सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात. ६३ केव्हीएच्या टीसीचा पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे ८४ अँपियर. पाच एचपीची एक मोटर चालताना सात-आठ अँपियर घेते, म्हणजे दहा मोटरी कशाबशा बसतात. पण थेट चालू होताना मोटर काही सेकंद सहा पटीपर्यंत प्रवाह ओढते. दहा मोटरी एकदम उठल्या की साडेचारशे अँपियरपर्यंतची मागणी त्या ८४ वाल्याच्या अंगावर येते. तासाला एक नोंद करणाऱ्या वहीत हा क्षण कधीच सापडणार नाही.

त्यात कागदावर पाच एचपी आणि विहिरीत साडेसात, हे आपल्याकडे काही नवीन नाही. पाणी खोल गेलं की शेतकरी करणार काय? साडेसातच्या दहा मोटरी म्हणजे ११० अँपियर. प्रवाह त्या ८४ च्या तीस टक्के वर गेला, पण वाइंडिंगमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सत्तर टक्के. आतल्या कागदी इन्सुलेशनचं ढोबळ गणित असं सांगतात की मर्यादेच्या वर सहा अंश तापमान वाढलं की कागद म्हातारा होण्याचा वेग दुप्पट होतो. टीसी एका रात्रीत जळतो असं वाटतं खरं, तो महिनोन् महिने जळत आलेला असतो. डेटा हाच धीमा जळण्याचा काळ दाखवू शकतो, आणि म्हणून मला हे काम इतकं मोलाचं वाटतं.

टीसी उघडणं, फ्यूजला हात लावणं, क्लॅम्प धरणं ही कामं लाईनमनचीच. तुम्ही वही धरा. तीन फेजचे तीन आकडे, वेळ, हवामान, एवढं लिहा. दोन आठवडे, रोज सकाळ-संध्याकाळ.

पाचवी पायरी : मॉडेलच्या आधी ‘गेल्या आठवड्याचा आकडा’

उद्या संध्याकाळी सातला फीडरवर किती लोड असेल? पहिलं उत्तर : गेल्या आठवड्यात याच वारी, याच वेळी होता तेवढा. हा अंदाज कागदावर मांडून त्याची चूक मोजा. यापुढचं प्रत्येक मॉडेल या आकड्याशी झुंजणार. त्याला हरवता आलं नाही तर ते मॉडेल बाजूला ठेवा, मग नाव कितीही भारी असो.

चूक टक्केवारीत मोजताना जपा. लोड शून्य असलेल्या ओळीत टक्केवारी काढता येत नाही आणि शून्याजवळ ती वेड्यासारखी फुगते. त्यापेक्षा सरासरी किती अँपियरने चुकलं ते सांगा. लाईनमनलाही ते लगेच समजतं.

मग मॉडेलला द्यायच्या माहितीचे रकाने तयार करा : तास, वार, तापमान, काल आणि गेल्या आठवड्यातला लोड, थ्री फेजचं वेळापत्रक. आणि आपल्या भागाचे म्हणून काही खास. उसाचा गाळप हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. तेव्हा कारखाने बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) वीज करून ग्रीडला देतात आणि आजूबाजूच्या फीडरची तऱ्हा बदलते. म्हणून निदान एक पूर्ण वर्षाचा डेटा हवा. सण तारखेने येत नाहीत, तिथीने येतात. वैशाखातली आपली शिवजयंती आणि चित्ररथांची मिरवणूक, गणपतीचे दिवस, दिवाळी यांचा रकाना हाताने भरावा लागतो. आणि गावाची वार पाळणूक! लक्ष्मी यात्रेआधी गावाने वार पाळला की शेतात कुणी जात नाही, मोटरी बंद. माझ्या आलेखात लागोपाठ काही मंगळवारी-शुक्रवारी लोड पडलेला दिसत होता आणि मी मीटरमध्ये दोष शोधत बसलो होतो. एका आजींना विचारल्यावर अर्ध्या मिनिटात उलगडा झाला.

हवामानासाठी नासाचा ‘पॉवर’ नावाचा मोफत डेटा आहे, पण त्याचा एकेक चौकोन साधारण पन्नास किलोमीटरहून मोठा. कणकुंबीला पाऊस कोसळत असतो आणि सौंदत्तीकडे धूळ उडत असते. एवढा फरक त्या चौकोनांत पुसला जातो. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राचे ग्रामपंचायत पातळीवरचे स्वयंचलित पर्जन्यमापक आहेत. पावसासाठी तेच धरा.

मॉडेल म्हणून आधी ‘रँडम फॉरेस्ट’ किंवा ‘ग्रेडियंट बूस्टिंग’ घ्या. पायथॉनच्या सायकिट-लर्न या लायब्ररीत दोन्ही तयार आहेत. एलएसटीएम वगैरे न्यूरल नेटवर्ककडे एवढ्यात वळू नका. एका फीडरच्या एका वर्षात त्यांना शिकण्याजोगं फारसं काही नसतं.

डेटाची वाटणी मात्र काळाने करा. माझ्या पहिल्या मॉडेलची चूक इतकी कमी आली होती की मी ते अभिमानाने दाखवत फिरलो. मी ओळी पत्त्यांसारख्या पिसून त्यातल्या काही परीक्षेला ठेवल्या होत्या. म्हणजे सातच्या नोंदीचं उत्तर विचारताना सव्वासातची नोंद मॉडेलने आधीच पाहिलेली. खऱ्या उद्यावर लावलं तेव्हा ते गेल्या आठवड्याच्या आकड्यापेक्षाही मागे पडलं. पहिले दहा महिने शिकवायला आणि शेवटचे दोन परीक्षेला, असंच करा. नंतर परीक्षेचे दोन महिने बदलून एकदा पावसाळ्यात आणि एकदा गाळपात तपासा.

सहावी पायरी : कुठला टीसी जाणार?

हे लोडचा अंदाज करण्यापेक्षा अवघड. समजा १०० टीसींपैकी वर्षात पाच जळतात. ‘एकही जळणार नाही’ असं सांगणारं मॉडेल ९५ टक्के बरोबर ठरतं, आणि उपयोग शून्य. म्हणून अचूकतेची टक्केवारी विचारू नका. मॉडेलला टीसींची उतरत्या धोक्याने यादी करायला सांगा आणि वरच्या दहांत खरे जळालेले किती आले ते मोजा. सेक्शन ऑफिसलाही अशीच यादी हवी असते, कारण महिन्यात तपासून होणार तेही दहाच.

मोठ्या सबस्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरची गोष्ट वेगळी. त्यांच्या तेलात विरघळलेल्या वायूंची तपासणी होते : हायड्रोजन, मिथेन, इथेन, इथिलीन, ॲसिटिलीन. ॲसिटिलीन वाढलं की आत ठिणगी पडते आहे असं समजतात. त्यासाठी ड्युव्हाल त्रिकोण नावाची कागदावरची पद्धत कित्येक दशकं वापरात आहे. ती आधी शिका, मग मॉडेल.

खानापूरच्या जंगलपट्ट्यात प्रश्न फांद्यांचा. तिथे ट्रिपची वेळ, पाऊस, वारा आणि फॉल्ट सापडलेल्या खांबाचं ठिकाण एवढे चार रकाने जमले तरी जूनआधी कुठली झाडं छाटायची ते ठरतं. बऱ्याचदा साधा नकाशा आणि त्यावरचे लाल ठिपके पुरतात. सौंदत्तीच्या पवनचक्क्या आणि छतावरची सौरवीज यांचा अंदाज हा पुढचा मोठा विषय आहे. तिकडे वळायच्या आधी एक फीडर मनासारखा हाताखालून जाऊ द्या.

सातवी पायरी : एक पान, कानडीत

शेवटी जे सापडलं ते एका पानावर लिहा. सेक्शन ऑफिसला द्यायचं पान कानडीत लिहा. स्वतःला येत नसेल तर शेजारच्या मित्राकडून लिहून घ्या. साहेबांना आणि लाईनमनला ते उभ्या उभ्या वाचून पुढे पाठवता आलं पाहिजे. त्यात मॉडेलचं नावही नको. एवढंच : अमुक टीसी, संध्याकाळी सहा ते आठ, आर फेजवर ७० अँपियर आणि बी फेजवर ३० (आर, वाय, बी ही तीन फेजची नावं). पिठाच्या गिरणीशेजारच्या या तीन घरांचं कनेक्शन आर वरून बी वर घेतलं तर फरक निम्म्यावर येईल. सकाळच्या मोटरींसाठी ऑटो स्टार्टरला दोन-दोन मिनिटांच्या फरकाने वेळा लावून द्याव्यात, शेतकऱ्यांची यादी सोबत आहे.

बदल झाल्यावर आणखी दोन आठवडे तीच वेळ, तीच वही. आधीचा आणि नंतरचा आलेख एका कागदावर छापा, मोठ्या अक्षरांत, आणि तो मामांच्या हातात द्या. त्यांनी चूक दाखवली तर तिथेच पेनाने लिहून घ्या आणि घरी येऊन तो रकाना दुरुस्त करा.